पोपट आणि केशरबाई यांच्या मधलं घर

आंबेखार, तुर्भे
१४ जानेवारी १९८६

पुतळे,

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तू सुनेला विचारत बसशील, "ही चांगुणा कोन गो?" तुझ्या मागच्या दारासमोर जिचं मागचं दार, ती चांगुणा. तुझा जयप्रकाश जिने खाचरातून उचलून आणला, ती. कापणी आटपून तू टोपली घेतलीस, विळा घेतलास, उरलेली अर्धी भाकरी फडक्यात बांधून घेतलीस आणि तीन महिन्यांचं पोर बांधावर विसरून घरी आलीस. चूल पेटवून झाल्यावर म्हणालीस, "आज घर गपगार का वाटतंय?" असली तुझी आठवण. त्यात मला लक्षात ठेवशील ही आशा मी कशी करावी?

हे पत्र मी बोलते आहे आणि वेणूबाई लिहिते आहे. वेणूबाई आमच्या चाळीत राहते, चार नंबरच्या खोलीत. परभणीकडची. नवरा तुर्भ्याला कारखान्यात जातो. मी "हाय" म्हणते आणि ती "आहे" लिहिते. मी म्हटलं, अगं, पुतळीला वाटेल चांगुणा मेली आणि तिच्या जागी कोणी मास्तरीण बोलायला लागली. तर म्हणते, "आजी, टपालातून जायचं तर जरा बरं लुगडं नेसून जावं." म्हणून बरं लुगडं नेसून आले आहे. ओळखून घे.

तुलाही अक्षर येत नाही, तेव्हा तिकडे तुझी सून वाचत असेल. सूनबाई, मोठ्याने वाच. सासूला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. न आवडणारं असलं तर उजव्यानेही येत नाही.

गाव आहे तिथेच आहे, फक्त भोवतालचं सगळं हललं. खाचरं गेली, खाडीकडे भराव पडला, ट्रकांच्या धुळीने वाळत घातलेले पापड काळे होतात. आपण आता नव्या मुंबईत राहतो असं माझा सुभाष सांगतो. जुनी मी दोनदाच पाहिली होती, तर ही नवी आपणहून दारात आली. सुभाषला चाळीचं भाडं येतं, कंपनीत नोकरी आहे, दोन पोरं आहेत. पंढरी जाऊन, माझं कुंकू पुसून तीन वर्षं होतील. माझे गुडघे गेले. बसले की उठायला दोन माणसं लागतात, आणि उठले की ती दोघं पळून जातात.

म्हणून आता अक्षतीचं काम सरस्वतीला शिकवते आहे. सरस्वती म्हणजे सुभाषची बायको, तू गेल्यावर आली, तू तिला पाहिलेलं नाहीस. चाळीस वर्षं मी गावाला आवतण दिलं. लग्न असो, हळद असो, बारसं असो, हळदीचे तांदूळ वाटीत घ्यायचे, देवळापासून निघायचं, दर उंबऱ्यावर चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचं, "समद्यांनी येवाचं हाय." कुणाची मयत झाली तरी सांगावा माझ्याच तोंडून जायचा. एकशे अडतीस घरं, एकामागे एक, कागद नाही, चिठ्ठी नाही. सरस्वती सातवी शिकलेली. म्हणाली, "मी वहीत लिहून घेते." मी म्हटलं, वही घरात राहते, फिरायचं पायांना असतं. तोंडपाठ कर.

आमच्या पोरीच्या, काशीच्या लग्नात तुझं घर राहून गेलं होतं. त्याला आता बारा वर्षं होतील. विसरले होते. माणूस विसरतं. तू पोटचं पोर विसरलीस, मी एक घर विसरले. दोघी म्हाताऱ्या झालो, आता सोड. एक पत्र धाड. खुशाली तेवढी कळव, मोठं लिहू नकोस. वेणूबाईला कामं असतात.

तुझी
चांगुणा


आंबेखार
९ फेब्रुवारी १९८६

पुतळे,

पत्र नाही. पोस्टमन आमच्या दारावरून सायकल जोरात मारत जातो, जणू मी त्याचं काही खाल्लं आहे.

वाट बघत बसले होते. तुला लिहायचं नाही असंही ठरवलं होतं. मग परवा एक गोष्ट घडली.

सरस्वतीचं पाठांतर झालं. मला ओटीवर बसवून समोर उभी राहिली, शाळेत कविता म्हणतात तशी. देवळापासून सुरू केलं. पाटलांचं, सिताराम वेठ्याचं, तळ्याकडची पाच, मग खालची आळी. एकाही घराला अडखळली नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, मी मेले तरी गावात कुणाचा उंबरा रिकामा राहणार नाही. आणि ती म्हणाली, "पोपटकाकांचं. केशरबाईंचं." आणि पुढे निघाली.

मी म्हटलं, "थांब. मधलं?"

"मदी काय? मदी ती पडकी भिंत हाय. कुलूप लावलेलं दार."

"ते घर नाय?"

"तुमीच तर असं शिकवलंत, आत्या. पोपटकाका, मंग केशरबाई."

खरं होतं. मीच शिकवलं होतं. बारा वर्षं माझ्या तोंडातून ते दोन शब्द तसेच जोडून निघत होते, आणि जोडलेले आहेत हे माझ्या कानांना कळेनासं झालं होतं. तिने ते जसंच्या तसं उचललं. तिची पोरगी तिच्याकडून उचलील. कुणी विचारणारसुद्धा नाही, कारण विचारायला आधी तिथे काहीतरी होतं हे ठाऊक पाहिजे. पुतळे, मला वाटत होतं माझ्या मागे माझे गुण राहतील. माझी बुगडी राहील, माझ्या हातची खारवलेली कैरी राहील. राहणार आहे ते हे.

वेणूबाईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आजी, चाळीतल्या खोल्या कुठं येतात?" मी म्हटलं, भाडेकरू घरात धरत नाहीत. तिने पेन झटकलं, आणि म्हणाली, "सांगा पुढं."

तर पुढे सांगते. मी विसरले नव्हते.

वैशाखातली सकाळ होती. तू उंबरा सारवला होतास. रांगोळीही काढली होतीस, कमळाची, एक पाकळी नेहमीप्रमाणे मोठी. दार सताड उघडं ठेवून आत उभी होतीस, डोक्यावरून पदर घेऊन. पोपटच्या दारात मी दाणे ठेवले. तुझ्या दारासमोर आले. तुझ्या पायाची बोटं मला दिसली. मी मान वर केली नाही. चालत राहिले आणि केशरबाईच्या उंबऱ्यावर वाकले. मागून तू हाक मारली नाहीस. मारली असतीस तर मी थांबले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. म्हणजे त्यातही चूक तुझीच.

संध्याकाळी केशरबाई म्हणाली, "पुतळीचं घर ऱ्हायलं गो." मी म्हटलं, "विसरले बाय." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चांगुणा विसरते यावर या गावात कोण विश्वास ठेवील? गावाला जे समजायचं ते समजलं. त्यानंतर तुझ्या घरी कुणी विस्तव मागायला आलं नाही. जत्रेत तुझा नारळ देवळाच्या पायरीवर पडून राहिला. मी तर कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी नुसती चालत गेले होते.

आज एवढंच. वेणूबाईच्या चुलीवर काही करपतं आहे.

चांगुणा


आंबेखार
२ मार्च १९८६

पुतळे,

तुझं पत्र नाही तरी मी लिहिते. खोड आहे. लग्नाआधी आईसुद्धा म्हणायची, हिला उत्तर लागत नाही.

तुला वाटत असेल, गावाने कागदावर अंगठा द्यायचा नाही असं ठरवलं, तुझ्या धर्मराजने दिला, म्हणून चांगुणाने घर टाकलं. गावाला तेच वाटतं. आजही वाटतं. देवळात सगळे पुरुष नारळावर हात ठेवून बोलले होते, सरकारला जमीन देण्याच्या कागदाला कोणी शिवायचं नाही. सगळ्यांत मोठा आवाज पंढरीचा होता.

मग तुझा धर्मराज एके दिवशी धुतलेली टोपी घालून पनवेलच्या कचेरीत गेला, अंगठा देऊन मोठ्या रस्त्याने परत आला, आणि देवळाच्या पारावर बसून स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "मी दिला. मला पुढं जमीन ऱ्हाईल असं दिसत नाय." असा साधा माणूस. चोरी करायची तर निदान मागच्या दाराने यावं एवढीही अक्कल नाही.

पंढरी मागच्या दाराने आला होता.

त्याच्या आठ दिवस आधी. जेवायला बसला आणि भात कालवला तर डाव्या हाताचा अंगठा मिटून बसलेला. मी म्हटलं, काय लागलं? म्हणाला, काही नाही. मी हात ओढून बघितला. निळी शाई, नखाच्या कडेपर्यंत. बघून मी काय केलं असेन? भांडले? रडले? चुलीतली राख घेतली, त्यावर लिंबू पिळलं, आणि त्याचा अंगठा घासला, पोराचा घासावा तसा. कातडी लाल झाली तरी नखाच्या कोपऱ्यातलं निघेना. चार दिवस त्याने चिंधी बांधली आणि गावाला सांगितलं, विळा लागला.

त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आधी देईल त्याच्या पोराला नोकरी. पुढे वर्षभराने सुभाषला ती मिळाली. पण त्याआधीच कुणीतरी अंगठा दिल्याची कुणकुण लागली, गाव चिडलं, कुणी दिला ते शोधू लागलं. पंढरी झोपेत दचकू लागला. आणि धर्मराजने पारावर बसून आपणहून सांगितलं. आम्हाला तर देवच भेटला. काशीच्या लग्नाच्या अक्षती आठ दिवसांवर होत्या. पंढरी म्हणाला, "त्यांचं घर टाकायचं. आपन टाकलं की दुसऱ्या कोनाकडं कोनी बघनार नाय." मी म्हटलं, बरं.

हे सांगताना वेणूबाई माझ्याकडे बघत नाही. बरोबर आहे, अक्षराकडे बघावं लागतं.

चांगुणा


आंबेखार
३० मार्च १९८६

पुतळे,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कुणाचं आहे. वेणूबाईला तीनदा वाचायला लावलं, जरी तीनच ओळी आहेत. तुझ्या सुनेचं अक्षर चांगलं आहे म्हणे.

"आई म्हणतात, अंगठ्याचं आम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे. कारकुनाने मामंजींना त्यांच्या वरचं नाव, पंढरीकाकांचं, वाचून दाखवलं होतं. कुणाला सांगायचं नाही असं मामंजी म्हणाले. आई म्हणतात, दुसरं सांग."

दिवसभर मी ओटीवर बसून राहिले. ठाऊक होतं. पारावर बसला होता, गाव त्याला घेरून उभं होतं, कुणी चप्पल उगारली होती. त्या वेळी एक नाव घेतलं असतं तर सगळी माणसं आमच्या दारात आली असती. पंढरी त्याच घोळक्यात उभा होता. धर्मराजने त्याच्याकडे बघितलंसुद्धा असेल. आणि दोन वर्षं आपल्या मागच्या दारांच्या मधे तू भांडी घासायचीस, मी भांडी घासायचे. तू मान खाली घालायचीस. मला वाटायचं, लाजते आहे.

आणि मग शहात्तर साली तुम्ही टेम्पोत भांडी भरून तळोज्याला गेलात. मी मागच्या दाराच्या फटीतून बघितलं. जातं चढवायला चार माणसं लागतात. तुम्ही तिघं होतात.

दुसरं सांग म्हणतेस. सांगते.

ऐंशी साली श्रावणात जयप्रकाश सायकलवर आला. सकाळची वेळ. एवढा मोठा झाला होता की आधी ओळखलं नाही. सायकल भिंतीला टेकवली नाही, धरूनच उभा राहिला. म्हणाला, "काकी, बाबा गेलं. तुमी सांगा समद्यांना." मी म्हटलं, "सांगते." एवढंच. पाणीही विचारलं नाही. तो दुसऱ्या कुठल्या दारात गेला नाही, लगेच माघारी वळला. त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, मयतीचा सांगावा चांगुणाकाकीला दिला की तो सगळीकडे पोचतो.

मी चपला घातल्या. देवळाकडे चार पावलं टाकली. पंढरी आतून म्हणाला, "ज्याला गावानं टाकलाय त्याच्या मयतीला गाव नेतेस? मंग इचारतील ना, टाकला कशाला." मी परत आले आणि चपला काढल्या. वेणूबाई, हे पंढरीवर ढकललं आहे असं वाटू देऊ नकोस. बोलला तो. चपला माझ्या पायातल्या होत्या आणि त्या मी काढल्या.

सूप घेतलं आणि तांदूळ निवडत बसले. दुपारपर्यंत निवडले. खडे संपले तरी निवडत होते. चार वाजता पोपट दारावरून जाताना म्हणाला, "सकालचा जयपरकाश दिसला रस्त्याला. कशाला आल्ता?" मी म्हटलं, "सहज."

गावाला आठ दिवसांनी कळलं, कुणी पनवेलच्या बाजारात ऐकून आलं. सगळे म्हणाले, बघा पुतळीचा ताठा, नवरा मेला तरी गावाला सांगावा नाही. मी ते ऐकून घेतलं. सहा वर्षं हे गाव तुझा ताठा तोंडात घोळवत आहे आणि मी ऐकून घेते आहे.

त्याला खांदा कुणी दिला? तिथल्या कंपनीतल्या माणसांनी? त्यांना त्याचं नाव तरी नीट ठाऊक होतं का? मला कळवू नकोस. नाही, कळव.

आणि पंढरी गेला तेव्हा तू आलीस. सगळं गाव अंगणात होतं, बसायला जागा नव्हती. तू चिंचेखाली उभी राहिलीस, पदर घेऊन. कुणी सांगितलं तुला? माझ्या तोंडून तर सांगावा गेला नव्हता. उचलेपर्यंत उभी होतीस, आणि मग पाण्याचा थेंब न घेता गेलीस. मी तुला बघितलं, पुतळे. रडताना पदराआडून बघितलं. तू परत गेल्यावर मला बरं वाटलं, की आता बोलावं लागणार नाही.

दुसरं ते हे.

चांगुणा


आंबेखार
१८ मे १९८६

पुतळे,

मधे पत्र नव्हतं कारण मला सांगण्यासारखं काही करायचं होतं, नुसतं बोलायचं नव्हतं. बोलणं माझं पुष्कळ झालं.

भगवानच्या पोरीचं लग्न होतं. अक्षत द्यायला सरस्वती निघाली. मी म्हटलं, मीही येते. सुभाष म्हणाला, "आये, तुला चार घरं चालवनार नाय." मी म्हटलं, न चाललं तर तिथे बसेन. वाटी मी घेतली, खांदा सरस्वतीचा. देवळापासून पोपटच्या दारापर्यंत यायला ऊन डोक्यावर आलं. गावातल्या बाया उंबऱ्यात उभ्या राहून हसत होत्या, म्हातारीची शेवटची वरात म्हणून.

पोपटच्या पुढे तुझं दार. कुलूप गंजलं आहे, उंबऱ्यातून गवत आलं आहे. मी वाकून ते गवत उपटलं, दाणे ठेवले आणि म्हटलं, "पुतळाबाय, धर्मराजाच्या घरच्यांनी, समद्यांनी येवाचं हाय." आणि उठता येईना म्हणून तिथेच बसले.

केशरबाई शेजारच्या दारातून ओरडली, "चांगुणे, डोकं फिरलं काय? कुलुपाला आवतान देतेस?"

मी म्हटलं, "बारा वर्सांपूर्वी इथं मानूस उभं होतं, तवा नाय दिलं. आता कुलूप तर कुलूप."

मग सगळं सांगितलं. मोठ्याने. अंगठा, राख, लिंबू, चिंधी. जयप्रकाशची सायकल. माझं "सहज". बाया जमल्या, मागून पुरुष आले. कोणी हुंदका दिला नाही, कोणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. पोपट पुढे आला. त्याच्या हातात चहाची बशी तशीच होती. म्हणाला, "म्हंजे मी तुज्या सांगन्यावरनं माज्या शेजाऱ्याच्या मातीला गेलो नाय?"

"मी सांगितलंच नाय, म्हनून गेला नायस."

"येकच झालं की गो." आणि आत गेला. बशी उंबऱ्यावर ठेवून गेला, ती संध्याकाळपर्यंत तिथे होती.

केशरबाई म्हणाली, "आनि आमी? तुज्या नुसत्या चालन्यावरनं आमी वागलो. आमाला तोंड नव्हतं?" हे ती मला म्हणाली की स्वतःला, ते कळलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, आणि तुझ्या दारापुढचं मात्र झाडते. पंढरीचा फोटो देवळाच्या सभागृहात लावला होता, तो कुणी काढून आमच्या ओटीवर आणून ठेवला. पालथा.

सुभाष महिनाभरापासून माझ्या हातचं जेवत नाही. म्हणतो, "माजी नोकरी, माज्या पोरांचं शिक्षन, समदं तू चव्हाट्यावर नेलंस. कोनासाठी? जी परत येनार पन नाय तिच्यासाठी?" मी काय सांगू? त्याला रागवायचा हक्क आहे. त्याने काही केलं नव्हतं, त्याला नुसतं मिळालं. मी त्याला एवढंच म्हटलं की तुझ्या पोरीला सरस्वती घरं शिकवील तेव्हा ती कशी शिकवील ते ऐक. तो ताट सरकवून उठला.

सरस्वती आता म्हणते, "पोपटकाकांचं, पुतळाकाकींचं, केशरबाईंचं." पहिल्या दिवशी मधे थोडी थांबायची, आता थांबत नाही. चाळीतल्या सात खोल्या तिने आपणहून शेवटी लावल्या. मी काही सांगितलं नव्हतं. भगवानच्या पोरीच्या लग्नाला वेणूबाई नवऱ्याला घेऊन आली आणि पंगतीत बसली. दोघी-तिघी उठून दुसरीकडे बसल्या. वेणूबाईने दोनदा भात घेतला. हे ती लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं. गेल्या सहा वर्षांत तिच्या खोलीत मी चहा घेतला नव्हता, हेही लिही म्हटलं. आता घेते. फार गोड करते.

तू येणार की नाही ते मी विचारत नाही. ज्या पायांनी मी तुझं दार ओलांडून गेले ते आता माझंच दार ओलांडत नाहीत, नाहीतर तळोज्याला येऊन तुझ्या उंबऱ्यावर दाणे ठेवले असते. पत्रातून अक्षत देता येत नाही. कागद उंबऱ्यावर ठेवला तर वाऱ्याने उडून जातो. म्हणून सरस्वतीला तुझ्याकडे पाठवणार आहे, येत्या आठवड्यात. ती दाणे ठेवील. तिला आत घे किंवा बाहेरून लाव, तिने काही केलेलं नाही एवढं लक्षात ठेव.

डॉक्टर म्हणतो, मला पावसाळा जड जाईल. तो दरवर्षी म्हणतो, पण यंदा सुभाषच्या तोंडाकडे बघून म्हणाला. मी मेले की पहिला सांगावा तुझ्याकडे यायचा आहे, गावात कुणाला सांगायच्या आधी. सरस्वतीकडून तीनदा वदवून घेतलं आहे. चिंचेखाली उभी राहू नकोस. आलीस तर आत ये.

आणि एक मागते. मागायला तोंड नाही, पण आपल्यात मी नेहमीच आगाऊ. मयतीच्या घरात चूल पेटत नाही, कडू घास बाहेरून यावा लागतो. धर्मराज गेला तेव्हा तुला तो घास आमच्यापैकी कुणी दिला नाही. मी इथे ओटीवर बसून सुपातले तांदूळ निवडत होते. तेच तांदूळ शिजवून आणले असते तरी तुझ्या घरी पुरले असते. आता माझ्या घरचा कडू घास तू पाठव. गावाने पाठवला तर सुभाष खाणार नाही, गावावर रुसला आहे. नातेवाइकांनी पाठवला तर ते त्यात माझ्या चुका घालून पाठवतील. तुझ्याकडून आला तर तो ताटावर बसेल. लाजेने का होईना, बसेल.

फार काही करू नकोस. भात मऊ कर. तुरीचं वरण, फोडणी नको, हळदही नको. वर कडुनिंबाचं एकच पान ठेव, जास्त घातलंस तर तो पहिल्या घासाला उठेल. आणि पातेलं मोठं घे. महिनाभराचा उपाशी आहे, त्याला दुसऱ्यांदा वाढता येईल एवढा भात पाठव.